गुळ्याचं अस्तर: पार्लरच्या दोन फेऱ्यांमधले दहा आठवडे

गुळ्या आमचा गोल्डन रिट्रीव्हर. वय ४ वर्षं, वजन ३६ किलो. पिल्लू असताना त्याचा रंग नव्या गुळाच्या ढेपेसारखा होता, म्हणून सासऱ्यांनी हे नाव ठेवलं. आमचं घर कोल्हापुरात, सानेगुरुजी वसाहतीत, मागे छोटं परडं. मी घरीच ब्लाउज शिवते, त्यामुळे दिवसभर त्याच्याजवळ मीच असते. दर आठ आठवड्यांनी आम्ही त्याला ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांच्या पार्लरमध्ये, नेतो. मधल्या दिवसांत घरी काय करायचं, हे मात्र चार वर्षं मला नीट माहीत नव्हतं आणि त्याचा त्रास गुळ्यानं सोसला. असाच मोठा, दाट केसांचा कुत्रा पाळणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे. चुका गाळलेल्या नाहीत.

११ मे

एरवी दोन तासांत होणारं काम आज चार तास चाललं. अर्ध्या तासानंच ग्रूमरताईंनी मला आत बोलावलं आणि स्टीलचा कंगवा हातात दिला. पाठीवरून फिरवला तर सुळकन गेला. मग त्या म्हणाल्या, "आता मागच्या मांडीवर दात कातडीला टेकवा आणि ओढा." कंगवा जागचा हलला नाही. वरचे केस बाजूला करून दाखवले तर आत घोंगडीसारखा घट्ट थर बसलेला.

"वहिनी, तुम्ही रोज ब्रश करताय ते दिसतंय. पण ब्रश नुसता वरनं फिरतोय. आत पोचतच न्हाई बघा."

बिल १,८०० अधिक जटा सोडवण्याचे ५००. सगळे केस मशीननं उतरवून टाकले तर, असं मीच विचारलं. त्यांनी साफ नकार दिला. या जातीला दोन थर असतात, वर लांब राठ केस आणि आत मऊ लोकर. ऊन, पाऊस, चिखल वरचा थर अडवतो. मुळापासून काढले तर लोकर आधी वाढते आणि वरचे केस कधी कधी पहिल्यासारखे येतच नाहीत. मला हे लगेच कळलं, कारण रोज हातात हेच असतं: वर कापड, आत अस्तर. माझं सगळं लक्ष इतके दिवस कापडावर होतं.

पुढची तारीख ६ जुलै.

१३ मे

राजारामपुरीतल्या दुकानातून सामान आणलं. स्लीकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) ४२०, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा २८०, मोठ्या कुत्र्यांचा नखकटर ३२०. दुकानदाराच्या सांगण्यावरून केस काढायचं पात्याचं एक साधनही घेतलं, ५५०.

हे ५५० वाया गेले. दहा-बारा वेळा फिरवल्यावर ढीगभर केस निघाले, मला फार बरं वाटलं. मग तो ढीग उजेडात धरून बघितला. लोकरीबरोबर वरचे लांब केसही होते आणि त्यांची टोकं मधेच तुटलेली होती. म्हणजे पातं केस ओढत नव्हतं, कापत होतं. हलक्या हातानं, आखूड केसांच्या कुत्र्यावर ते चालत असेल. गुळ्यावर मी ते पुन्हा वापरलं नाही. त्याऐवजी लांब, बोथट दातांचा रेक ४८० ला आणला, तो आधीच घ्यायला हवा होता.

१४ मे

पहिली बैठक, सात मिनिटं. पाठीपासून सुरुवात केली कारण तिथे हात लावलेला त्याला आवडतो. मांडीवर गेले तसा तो उठून निघून गेला. परत ओढून आणलं नाही.

संध्याकाळी पोटाच्या कडेला कातडी लाल दिसली. स्लीकर मी दाबून चालवला होता. या ब्रशच्या तारा कातडीवर ओरखडे काढतात. आता रोज सुरू करण्याआधी ब्रश माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघते. मला टोचलं तर जोर जास्त आहे. चार दिवस पोटाकडे गेलेच नाही.

१८ मे

आज पद्धत सापडली. मुलीचे केस विंचरताना आपण भांग पाडतो, तसंच. मागच्या पायाच्या खालून सुरुवात करायची. डाव्या हातानं वरचे सगळे केस उलटे धरून ठेवायचे, म्हणजे खाली कातडीची एक पांढरी रेघ दिसते. त्या रेघेखालचे केस तेवढे मुळापासून टोकाकडे ब्रश करायचे. मग दोन बोटं वर सरकून पुढची रेघ. प्रत्येक पट्टा झाला की कंगवा कातडीला टेकवून फिरवायचा. तो अडला तर तो पट्टा झालेला नाही.

एका मांडीला ३५ मिनिटं लागली. पूर्ण कुत्रा एका दिवसात होणं शक्य नाही, हे मान्य केलं आणि वाटणी केली: सोमवारी डावी मांडी, मंगळवारी उजवी, बुधवारी शेपूट, असं. रोज पंधरा-वीस मिनिटं, दुपारच्या चहाआधी.

मामा, म्हणजे माझे सासरे, खुर्चीत बसून बघत होते. गावाकडे त्यांनी आयुष्यभर बैलं सांभाळली. ते म्हणाले, "खरारा करताना एक हात कायम जनावराच्या अंगावर असावा. हात सुटला की त्येला वाटतं, आता काय करतीया कुणास ठावं." मी ब्रश बदलताना दोन्ही हात उचलत होते. डावा हात न उचलता काम करून बघितलं. गुळ्या त्याच दिवशी पहिल्यांदा आडवा पडून राहिला.

निघालेल्या केसांनी साखरेची पिशवी भरली. आत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, परड्यात ठेव, चिमण्या घरट्याला नेतील. पण गुळ्याच्या मानेवर महिन्यापूर्वीच गोचिडाचं औषध टाकलं होतं आणि ते केसांवर उतरतं. पिलांच्या घरट्यात ते जायला नको, म्हणून सगळं कचऱ्यात टाकलं.

२२ मे

फरशीवर वाकून माझी कंबर धरली. धाकटे भाऊजी शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतात, त्यांना टेबल करायला सांगितलं. अँगल आणि प्लायचे १,४०० झाले, मजुरी त्यांनी घेतली नाही. पहिलं टेबल ३० इंच उंच, पार्लरमध्ये असतं तसं. ३६ किलोचा कुत्रा त्यावर चढवायचा कसा, हा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. दोघांनी उचलून ठेवला तर चारही पाय थरथरायला लागले.

भाऊजींनी टेबल परत नेऊन पाय १८ इंचांवर कापले. आता तो स्वतः चढतो आणि मी मशीनच्या स्टुलावर बसून काम करते. वर रबरी मॅट चिकटवली आहे. ती नसेल तर पाय घसरतो आणि एकदा घसरला की तो पुन्हा टेबलाकडे फिरकत नाही. एक पाय जरासा डुगडुगत होता, त्याखाली रबराचा तुकडा लावला. टेबल हललेलं त्याला अजिबात चालत नाही.

२९ मे

ही नोंद लिहिताना अजूनही हात जड होतो.

उजव्या कानामागे सुपारीएवढी जट सापडली. पंधरा मिनिटं कंगव्यानं प्रयत्न केला, तो अंग चोरायला लागला. वीस वर्षं माझ्या हातात कात्री आहे. वाटलं, एवढंसं कापायला काय लागतं. कापडाची मोठी कात्री घेतली, जट वर ओढून धरली आणि बुडातून कापली. गुळ्या किंचाळला. कातडी कापली गेली होती, साधारण दीड सेंटिमीटर.

डॉक्टरांकडे दोन टाके, इंजेक्शन, गळ्यात प्लॅस्टिकचा कोन. ९०० रुपये. डॉक्टरांनी दाखवलं ते इथे नीट लिहिते. जट घट्ट होत जाते तशी खालची कातडी तंबूसारखी आत ओढली जाते. आपण जट वर ओढली की ती आणखी वर येते. आपल्याला वाटतं आपण केस धरलेत, प्रत्यक्षात चिमटीत कातडी असते. कानामागे तर ती कागदासारखी पातळ असते. कापडाची कात्री लांब, जड आणि टोकदार. या कामाला याहून वाईट हत्यार नाही.

रात्री तो नेहमीसारखा येऊन माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. मला झोप लागली नाही.

९ जून

परवा टाके निघाले. डाव्या कानामागेही तशीच जट तयार होत होती, ती आज कात्रीशिवाय सोडवली. बोटभर कॉर्नफ्लोअर जटेत चोळलं, त्यानं केस एकमेकांवरून घसरतात. मग डाव्या हाताच्या दोन बोटांत जटेचं मूळ घट्ट धरलं, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. कंगव्याच्या शेवटच्या दातानं टोकाकडून एक-एक बट बाहेर काढली. चुकलेली शिलाई आपण सुईनं उसवतो तसंच. सकाळी बारा मिनिटं आणि संध्याकाळी तेरा, अशा दोन बैठका लागल्या.

अगदीच सुटत नसेल तर कंगवा आधी कातडी आणि जटेच्या मधे सरकवायचा, तो तिथेच ठेवायचा आणि त्याच्या वरच्या बाजूला, केसांच्या दिशेनं उभी चीर द्यायची. आडवी कधीच नाही. कंगवा आत जातच नसेल तर ती जट माझी नाही, ग्रूमरची.

कानामागेच का होते, तेही लक्षात आलं. तिथले केस रेशमासारखे मऊ, त्यात मागच्या पायानं खाजवणं आणि पट्ट्याचं घासणं. आता घरात पट्टा काढून ठेवतो, फिरायला जाताना तेवढा घालतो.

१५ जून

घरी पहिली पूर्ण अंघोळ. मृगाचा पाऊस सुरू झाला आहे, रंकाळ्यावरून फिरून आला की पोटाखाली चिखल.

अंघोळीआधी दोन दिवसांत सगळे पट्टे पूर्ण केले. गुंता असलेले केस भिजले की लोकरीसारखे आवळतात, मग सुटत नाहीत. पाणी कोमट. मगानं ओतलं तर वरच्या वर ओघळतं, कातडीपर्यंत भिजायला दहा मिनिटं गेली. नळाला पाइप लावून पाइपाचं तोंड केसांत खुपसलं तेव्हा कुठे काम झालं. शाम्पू कुत्र्यांचाच, ३९० चा. आमचा शाम्पू आधी कधीतरी वापरला होता आणि तो आठवडाभर खाजवत होता. कुत्र्याच्या कातडीचा पीएच माणसापेक्षा वेगळा, साधारण ७ च्या आसपास असतो. शाम्पू बाटलीत पाण्यात पातळ करून घेतला म्हणजे तो आतपर्यंत जातो आणि धुवायलाही सोपा पडतो. धुवायला शाम्पू लावण्याच्या दुप्पट वेळ द्या.

अंघोळ चांगली झाली, पुढचं सगळं चुकलं. भाऊजींनी मशीन साफ करायचा हातातला ब्लोअर दिला होता. हवा गार, जोर भरपूर. सुरू केल्या क्षणी गुळ्या टेबलावरून उडी मारून माझ्या शिलाई मशीनखाली जाऊन बसला. तासभर बाहेर आला नाही, लाळ गळत होती. मी ब्लोअर बाजूला ठेवला, तीन टॉवेलांनी पुसलं आणि पंख्याखाली सोडलं. रात्रीपर्यंत वरून हात लावला तर कोरडा लागत होता.

१७ जून

पहाटे चाटण्याचा आवाज येत होता. उजव्या कुल्ल्यावर तळहाताएवढी जागा ओली, लालभडक, केस चिकटलेले आणि कुबट वास. काल संध्याकाळी तिथे काहीच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हॉटस्पॉट. दाट केसांच्या कुत्र्यांना पावसाळ्यात हे नेहमीचं. आतली लोकर ओली राहिली, तिथे खाज सुटली, त्यानं चाटलं, चाटल्यानं आणखी ओल, आणि काही तासांत जखम पसरली. त्यांनी भोवतालचे केस मशीननं काढून जागा उघडी केली, धुतली, औषध दिलं. पुन्हा कोन. १,१५० रुपये.

माझ्या हातून झालेली ही दुसरी जखम. दोन्हींचं कारण एकच निघालं: वरून हात फिरवून मी आतलं ठरवत होते. तीन दिवस सूर्य दिसला नव्हता, घरातले आमचे कपडेसुद्धा वाळत नव्हते. दोन थरांचे केस पंख्यावर कसे वाळतील?

तेव्हापासून कोरडं झालं की नाही हे असं तपासते. मांडी, शेपटीचं बूड, छाती आणि कानाखाली, या चार ठिकाणी केस फोडून बोटाची टोकं कातडीला टेकवायची. गार लागलं तर ओलं आहे. शंका असेल तर टिश्यू पेपर मुळाशी दाबून धरायचा.

२० जून ते ३ जुलै

जखम भरेपर्यंत अंघोळ नाही. हा वेळ ब्लोअरची भीती घालवण्यात लावला. वाचायला कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

पहिले तीन दिवस ब्लोअर बंद, जेवणाच्या भांड्याशेजारी नुसता ठेवलेला. नंतर तो शेजारच्या खोलीत, दार लावून, दहा सेकंद चालू, आणि इकडे मी त्याला उकडलेल्या चिकनचे तुकडे देत होते. आवाज थांबला की चिकन थांबलं. पाचव्या दिवशी मला घाई झाली, दार उघडं ठेवलं, तो पळाला. दोन दिवस मागे गेलो. नवव्या दिवशी त्याच खोलीत, हवा भिंतीकडे. अकराव्या दिवशी पहिल्यांदा हवा मागच्या मांडीवर, वीस सेकंद. जुन्या टी-शर्टची बाही कापून त्याच्या कानांवरून पट्टी केली, त्यानं आवाज जरा कमी होतो आणि कानांत हवा जात नाही. तोंडावर हवा कधीच नाही, तिथे टॉवेल.

३ जुलैला अर्धवट अंघोळ घातली, फक्त पाय आणि पोट. ब्लोअरनं वाळवायला २५ मिनिटं. हवेच्या जोरानं केस फाकतात आणि कातडी दिसते, त्यामुळे ओल कुठे आहे ते डोळ्यांनी कळतं. आपला केस वाळवायचा गरम ड्रायर मी वापरत नाही. दाट लोकरीत कातडी भाजली तरी बाहेरून कळत नाही.

२८ जून (नखं)

मधल्याच एका दिवसाची नोंद. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे. गुळ्या चालताना टकटक आवाज यायला लागला की नखं वाढली समजायचं. त्याची नखं काळी, त्यामुळे आतली जिव्हाळी बाहेरून दिसत नाही. दुसऱ्याच नखाला ती लागली, रक्त आलं. कॉर्नफ्लोअर जवळच होतं, चिमूटभर नखाच्या टोकावर दाबून धरलं, चार मिनिटांत थांबलं.

मग डॉक्टरांना फोनवर विचारलं. एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढंच कापायचं आणि प्रत्येक वेळी कापलेला भाग समोरून बघायचा. आधी तो कोरडा, भुरकट दिसतो. मधोमध गडद ओलसर ठिपका दिसला की थांबायचं, जिव्हाळी तिथून जवळच असते. रोज दोन नखं, जास्त नाही. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला वर एक अंगठ्यासारखं नख असतं, ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही. केसांत लपलेलं ते नख मी चार वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

तळपायाच्या गाद्यांच्या मधले केस फरशीवर घसरायला लावतात आणि चिखलाचे गोळे धरतात. कात्रीला माझा हात धजत नाही, म्हणून ८५० चा छोटा ट्रिमर घेतला आणि गाद्यांच्या पातळीपर्यंतच केस उतरवले. आत खोल गेले नाही. बोटांच्या मधे तीन गोचीड सापडले. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढले आणि साबणाच्या पाण्यात टाकले. शेजारच्या काकूंनी रॉकेल लावायला सांगितलं होतं. ते लावू नका, कातडी जळते आणि चाटलं तर पोटात जातं. गोचिडाच्या औषधाची तारीख उलटून गेली होती, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडून आणलं. गोचीड ताप काय असतो ते आमच्या गल्लीतल्या एका कुत्र्याला बघून मला माहीत आहे: खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या.

६ जुलै

आजची तारीख रद्द. पंचगंगा पात्राबाहेर आहे, राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकते आहे. ग्रूमरताई नदीपलीकडच्या गावातून येतात, त्यांचा रस्ता बंद. नवी तारीख २० जुलै. आठचे दहा आठवडे झाले. मे महिन्यात हे झालं असतं तर मी घाबरले असते. आज संध्याकाळी नुसता कंगवा घेतला आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासला. अडला तिथे खडूनं वहीतल्या कुत्र्याच्या चित्रावर खूण केली. तीन खुणा.

११ जुलै

डाव्या कानाला आंबूस वास आणि आत तपकिरी मळ. वरून कान स्वच्छ दिसत होता, पाळी उलटून वास घेतला म्हणून कळलं. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, त्यात पावसाळा. डॉक्टरांनी नमुना तपासून यीस्टचा संसर्ग सांगितला, दहा दिवसांचं औषध, ७०० रुपये. कान धुवायचं द्रावण वेगळं, ३१०.

द्रावण कानात सोडायचं, कानाचं बूड बाहेरून अर्धा मिनिट चोळायचं, पचपच आवाज येतो, मग त्याला डोकं झटकू द्यायचं आणि वर आलेला मळ कापसानं टिपायचा. काडी आत घालायची नाही. संसर्ग असताना डॉक्टरांना न दाखवता स्वतःहून काही ओतायचं नाही, पडदा फाटलेला असू शकतो. आता दर रविवारी वास घेते.

१९ जुलै

उद्या जायचं म्हणून हिशेब मांडला. कामाला आलेलं सामान, टेबल धरून, ४,४५०. वाया गेलेलं पातं ५५०. डॉक्टर २,७५०, त्यातले २,०५० माझ्या दोन चुकांचे. आमच्या घरी हे पैसे सहज निघत नाहीत, गणपतीच्या आधीची ब्लाउजची कामं होती म्हणून निभावलं. नव्यानं सुरू करणाऱ्यानं पहिल्या दिवशी फक्त स्लीकर, कंगवा आणि रेक घ्यावा. कात्री घेऊच नये. टेबल नसलं तरी चालतं, जाड रबरी मॅट मात्र हवीच.

वेळ: रोज १५ ते २० मिनिटं. अंघोळीच्या दिवशी सगळं धरून अडीच तास, त्यातला सव्वा तास नुसता वाळवण्याचा.

२० जुलै

ग्रूमरताईंनी काही न बोलता कंगवा घेतला. डावी मांडी, उजवी मांडी, शेपटी, कानामागे दोन्हीकडे. कातडीला टेकवून, शेवटपर्यंत. उजव्या कानामागच्या व्रणावर त्यांचं बोट थांबलं, मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली.

डाव्या काखेत कंगवा अडला. तिथे दोन बारीक जटा होत्या, हरभऱ्याएवढ्या. माझ्या चित्रावर तिथे खूणच नव्हती, कारण काखेत मी कधी भांग पाडलाच नव्हता. पाय बाजूला ओढला की तो काढून घ्यायचा, म्हणून मी वरवर करून सोडत होते. त्यांनी दाखवलं, पुढचा पाय बाहेर फाकवायचा नाही, तसा तो दुखतो. तो चालताना उचलतो तसाच सरळ पुढे उचलायचा, दुसऱ्या हातानं कोपर धरायचं आणि खालून कंगवा घालायचा. गुळ्यानं पाय त्यांच्या हातात तसाच राहू दिला. जटा तिथे का झाल्या तेही त्यांनीच सांगितलं. फिरायला जाताना छातीभोवती जो हार्नेस घालतो, त्याचा पट्टा बरोबर तिथेच घासतो, आणि पावसात तो ओलाच असतो.

एक तास पन्नास मिनिटं. बिल १,८००. जटांचे पैसे लावले नाहीत.

घरी येऊन हार्नेस धुवून मशीनमागे वाळत घातला. पट्ट्याच्या आतून मऊ फ्लॅनेलचं अस्तर शिवायला घेतलं आहे, उद्या दुपारपर्यंत होईल. पुढची तारीख १४ सप्टेंबर. वहीतल्या चित्रात दोन्ही काखांवर खूण केली आहे, सोमवारचा पट्टा आता तिथून.